लिडूबाईचं माहेर

आक्का, रडून झालंय माझं. आता तुमच्याशी एक भांडण राहिलंय, ते करते. तुम्ही असं मधेच उठून जायला नको होतं. आपला वाद मिटला नव्हता. मी तणतणत गोठ्याकडं गेले, दूध काढून परत आले तर तुम्ही चहा टाकलेला, आणि कप हातात देताना असं हसलात की मला पुढं बोलताच आलं नाही. म्हटलं, उद्या बोलू. मग धारा, भांगलण, पाव्हणेरावळे, आणि त्यातच आषाढात तुम्ही गेलात.

पेपरात तुमचं छापून आलं. सुभेदारांच्या पत्नी, मागं दोन मुलं, सुना, नातवंडं, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ म्हणे. ज्यानं लिहिलं त्यानं तुमच्याशी एकदा तरी मिरचीच्या भावावरून हुज्जत घालायला हवी होती. आणि लिडूबाईचं त्यात एक अक्षर नाही. एवढं मोठं काम केलं माझ्या थोरल्या जावेनं, ते सोडून मनमिळाऊ. माझं डोकंच फिरलं. म्हणून ही वही घेऊन बसलेय. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण कुणी तिसऱ्यानं वाचलं तर त्यालाही कळायला पाहिजे, म्हणून ऐकून घ्या परत.

आपल्या विहिरीकडच्या रानाला गाव मडमेची पट्टी म्हणतं. उसाच्या कडेला, जांभळीखाली, दगडी चौथरा आहे आणि त्यावर फुटका उभा दगड. खालचा अर्धा कधी गेला कुणाला सांगता येत नाही. वरच्या अर्ध्यावर इंग्रजीत नाव आहे, लिडिया वॉरन पेल्टन. गावानं तिची लिडूबाई केली. दीडशे वर्षं तरी झाली असतील. अमेरिकेतून आलेलं मिशनरी जोडपं साताऱ्याहून सांगलीकडं निघालं होतं. साहेब घोड्यावर पुढं गेला, बाई बैलगाडीत मागं राहिली, आणि आपल्या शिवारात तिला पटकी लागली. पटकीचं माणूस म्हटल्यावर गावानं गाडी आत घेतली नाही. तेव्हा आपल्या घरची जी थोरली सून होती, तिनं तिला वस्तीवरच्या छपरात आणलं, पेज पाजली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच मांडीवर बाईनं डोळे मिटले. साहेब मागाहून आला, ढसाढसा रडला, दगड बसवून घेतला आणि आपल्या मुलखाला निघून गेला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. साहेब म्हणजे साहेब.

तेव्हापासून आपल्या घराची रीत पडली. नागपंचमीला सगळ्या लेकी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो. लिडूबाईला न्यायला कोण येणार? म्हणून घराच्या थोरल्या सुनेनं त्या दिवशी लाह्या, दूध आणि पुरणाची दिंडं घेऊन पट्टीत जायचं, तिथं घटकाभर बसायचं. दुसऱ्या कुणी गेलेलं चालत नाही. थोरल्या सुनेनंच जायचं.

तुम्हाला ते काम अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. कोयनेच्या खोऱ्यातलं तुमचं गाव धरणात गेलं तेव्हा तुम्ही परकर नेसत होता. सरकारनं माणसं दुसरीकडं वसवली, पण त्या पत्र्याच्या घरांना तुम्ही माहेर म्हणायला कधी तयार झाला नाहीत, आणि पुढं भाऊ वारल्यावर तेही संपलं. एकदा आपण देवाला गेलो होतो तेव्हा तुम्ही जीप थांबवलीत आणि पाण्याकडं बोट दाखवून म्हणालात, तिथं आमचं परसू, त्याच्या पलीकडं चुलत्याचा गोठा. मी बघत राहिले. नुसतं निळं पाणी. मी तुमच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला आणि तुम्ही तो खाल्लात.

मी मात्र माहेराला जाणारी बाई. माझं माहेर पलूसजवळ, एका एस.टी.च्या अंतरावर. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला भाऊ न्यायला आला, आणि मामंजींनी अंगणातूनच सांगितलं की हळदीची भांगलण तोंडावर आहे, सून मोकळी नाही. मी दाराआड उभी राहून ओठ चावत होते. दादा, म्हणजे तुमचे सुभेदार, तेव्हा सरहद्दीवर, त्यामुळं तुम्ही गावी होता. तुम्ही खुरपं घेऊन अंगणात आलात आणि मामंजींना म्हणालात, तिच्या दोन सऱ्या मी ओढते, तिला जाऊ द्या. मामंजींचा तुमच्यापुढं कधी आवाज चढला नाही. मी गेले. पुढं दादांबरोबर छावणीत राहिलात तरी पंचमीला तुम्ही न चुकता गावी यायचात, आणि सगळी वर्षं माझ्या पंचम्या तुमच्या जिवावर झाल्या. मी माहेरी झोका खेळत होते आणि तुम्ही जांभळीखाली एका परक्या बाईजवळ बसत होता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तरणं वय.

शोधाची सुरुवात झाली ती हेळव्यामुळं. आपल्या भागात घराण्याची वंशावळ सांगणारा हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता त्याचा नातू मोटारसायकलीवर येतो, पण पोथी तीच आणि म्हणायची पट्टीही तीच. त्या वर्षी तो सोप्यात बसला, मूळ पुरुषापासून सगळी नावं म्हटली गेली, कुणाची बायको कुठल्या गावची, कुणाला लेकरं किती. मी त्याला घालायला सुपात शाळू घेऊन उभी. आणि तुम्ही एकदम म्हणालात की आमच्या लिडूबाईचं पण लिवा. तो हसायला लागला. नात्याची न्हाई, गोत्याची न्हाई, तिला कशी घालू म्हणाला. तुम्ही पदर खोचलात. आमच्या छपरात मेली, आमच्या रानात पुरली, पंचमीला आमच्या घरचं खाती, आता आणि कसली नाती पायजेत, असं तुम्ही त्याला विचारलंत. त्यानं हात टेकले आणि लेखणी काढली.

नवऱ्याचं नाव विचारलं त्यानं. तुम्ही म्हणालात वॉरन. त्यात विचार करायचं काय होतं? आपल्यात बाईचं पहिलं नाव तिचं, मधलं नवऱ्याचं, शेवटचं आडनाव. शालन बाबासाहेब जाधव, तशी लिडिया वॉरन पेल्टन. घरातल्या कुणालाच त्यात शंका आली नाही. त्यानं लिहिलं. मग विचारलं, माहेर? कुणालाच ठाऊक नाही. त्याची लेखणी थांबलेली. तो म्हणाला, माहेर न्हाई आसं लिवू का?

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. कानापर्यंत लाल झालात. एवढंच म्हणालात, "न्हाई कसं? आसंलच की कुठंतरी. जागा मोकळी सोडा. मी शोधून देते."

मला वाटलं रागात बोललात, विसरून जाल. पण तुमचा राग विसरणारा नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात पिशवीत भाकरी बांधून तुम्ही साताऱ्याची गाडी धरलीत. तिथल्या जुन्या मिशनच्या आवारात फिरून आलात, थडगी वाचून आलात. सांगलीला एका म्हाताऱ्या पाद्र्यांना गाठलंत. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की पेल्टन नावाचं जोडपं इकडं होतं असं आम्हीही ऐकून आहोत, पण कागद काही उरलेला नाही. तुम्ही परत आलात ते पायाला सूज घेऊन, आणि मी ऊनऊन पाण्यात मीठ घालून पाय शेकत तुम्हाला बोलत होते. एका मेलेल्या मडमेपायी जिवंत पाय कशाला झिजवताय, असं मी म्हणालेही असेन.

मग सोनालीनं तुम्हाला मोबाइल दाखवला. माझी लेक, पण तुमच्यापाशी जास्त रमायची. पुण्यात नोकरीला लागली होती तेव्हा. तिनं तुम्हाला सांगितलं की तिकडं अमेरिकेत लोक आपापली वंशावळ इंटरनेटवर मांडून ठेवतात, कुणीही बघावी. तुम्ही म्हणालात, म्हणजे तिकडं पण हेळवी आहेत. आणि बसलात. दादांच्या मागं छावण्या फिरून तुम्ही जे इंग्रजी उचललं होतं ते क्वार्टर, कँटीन, रेशन आणि ॲप्लिकेशन एवढ्यातलं. त्यावर तुम्ही अमेरिकेला कामाला लावलंत. चष्मा नाकावर, मोबाइल उखळाला टेकवलेला, आणि एका बोटानं टिपत बसायचात. भाजी करपली की मला कळायचं, आक्का अमेरिकेत आहेत.

वॉरन पेल्टन काही थोडे नव्हते तिकडं. एक टोप्या विकायचा. एक घोडे चोरून तुरुंगात गेलेला निघाला, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. लिडूबाईचा नवरा चोर कसा आसंल गं, असं मला तीनदा विचारलंत. एका वॉरन पेल्टनच्या वंशजांनी तर किती प्रेमानं उत्तरं पाठवली, पण त्यांचा पूर्वज आयुष्यात आपल्या जिल्ह्याबाहेर पडला नव्हता. आम्ही सगळे तुमची टर उडवायचो. आमचे हे रानातून आले की पायताण काढता काढता विचारायचे, वैनी, सापडले का वॉरनराव? तुम्ही त्यांच्याकडं न बघता सांगायचात, सापडले की तुमास्नीच न्यायला पाठवीन. वर्षामागून वर्षं गेली. दादा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध, नातवंडांची बारशी, दोन पूर, सगळं होऊन गेलं आणि तुम्ही वॉरनरावांच्या मागंच.

इथं मला माझ्या लेकीची फुशारकी मारायची आहे, मारू द्या. शोध तिच्यामुळं लागला, आणि तोही मी तिच्यावर आरडाओरडा करत असताना. सोनालीचं लग्न झालं, साताऱ्याच्या शिंद्यांकडं दिली. महिन्याभरात कुणीतरी मला दाखवलं की तिनं मोबाइलवर आपलं नाव सोनाली जाधव शिंदे असं लावलंय. माझा पारा चढला. फोन लावला आणि सुरू झाले. नवऱ्याचं नाव कुठं गेलं? जावईबापूंना काय वाटंल? व्याह्यांनी वाचलं तर आमच्या तोंडात शेण घालतील की न्हाई? ती तिकडून शांतपणानं सांगत होती की आई, आता सगळ्या असंच लिहितात, माहेरचं आडनाव मधे ठेवतात. तुम्ही शेजारी घेवडा निवडत बसला होता. तुमचे हात थांबलेले मला दिसले. मी अजून बोलतेच आहे, आणि तुम्ही माझ्या हातातून फोन काढून घेतलात.

"सोने, परत सांग. मधलं काय ठेवत्यात म्हणालीस?"

तिनं परत सांगितलं. तुम्ही फोन खाली ठेवलात. घेवड्याच्या शेंगा मांडीवरून ओसरीभर झाल्या. मग तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "शालन, वॉरन तिचा नवरा न्हवंच गं. वॉरन तिचं माहेर हाय."

मला आधी काही कळेना. तुम्ही उठून उभ्या राहिलात, परत बसलात, हसायला लागलात आणि हसता हसता डोळ्याला पदर लावलात. एवढी वर्षं आपण तिच्या माहेरच्या नावाला नवरा समजून हुडकत होतो. दगडावर ते धडधडीत लिहिलेलं, तुम्ही दर पंचमीला त्यावर हळदकुंकू वाहत होता. मी कपाळाला हात लावला. आणि खरं सांगू, मला त्यात काही लाज वाटली नाही. आपल्याला आपल्या रीतीनंच वाचता येणार. पण आपल्या रीतीनं वाचून चुकल्यावर, पोरीच्या एका बोलण्यावरून ते दुरुस्त करणारी बाई आमच्या घरात होती, याचा मला काय अभिमान वाटतो म्हणून सांगू.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. लिडिया वॉरन म्हणून शोधल्यावर व्हरमाँट नावाच्या राज्यातली एक वंशावळ निघाली. आईबाप, एक भाऊ, आणि लिडिया. तिच्यापुढं लिहिलेलं सोनालीनं आपल्याला वाचून दाखवलं. पेल्टन यांच्याशी विवाह, हिंदुस्थानात निधन, ठिकाण माहीत नाही. तुम्ही तिला ते दोनदा वाचायला लावलंत. त्यांच्या वंशावळीत तिच्या शेवटाची जागा मोकळी, आणि आपल्या हेळव्याच्या पोथीत तिच्या माहेराची. ठिकाण माहीत न्हाई म्हणत्यात, असं तुम्ही कितीतरी वेळ स्वतःशीच पुटपुटत होता.

ती वंशावळ मांडणारा गृहस्थ वॉल्टर वॉरन. लिडूबाईच्या भावाचा वंश. पंच्याहत्तरी ओलांडलेला, गाईंचा धंदा केलेला, आता मुलाच्या हाती दिलेला. तुम्ही त्याला चौथऱ्याचा फोटो धाडलात आणि खाली आपलं पलटणी इंग्रजी लिहिलंत, तुमची लिडिया आमच्याकडं आहे, सुखात आहे. सोनाली म्हणाली आक्का, मेलेल्या माणसाला सुखात आहे असं इंग्रजीत म्हणत नाहीत. तुम्ही म्हणालात, राहू दे, त्याला कळंल.

त्याला कळलं. त्याचं उत्तर आलं, त्यात तो म्हणत होता की त्याच्या आजीनं, मग बापानं आणि मग त्यानं हिचा शोध केला, कुणाला पत्ता लागला नाही. तीन पिढ्यांना जमलं नाही ते माझ्या जावेनं ओसरीवर बसून केलं. दुसऱ्या दिवशी मी पलूसच्या बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले. भाजीवाली म्हणाली, आवं मामी, कोथिंबीर घ्यायची का न्हाई?

मग तुमची आणि त्याची गट्टी जमली. तो गाईंचे फोटो धाडायचा, तुम्ही म्हशींचे. एकदा त्यानं एका मोठ्या कढईचा फोटो धाडला, खाली जाळ, वर वाफ, त्यांच्याकडं म्हणे एका झाडाचा रस काढून तो आटवून गोड पाक करतात. तुम्ही बघितल्याबरोबर म्हणालात, हे तर आपलं गुऱ्हाळ, काकवी काढत्यात. आणि सोनालीकरवी त्याला विचारलंत की जाळाला चिपाड घालता का लाकूड. त्यानं सविस्तर उत्तर दिलं. दोन म्हातारी माणसं, दोन टोकांना, चुलवाणावर बोलत बसली होती. मला तर कधी कधी हेवा वाटायचा.

आणि मग एक दिवस तुम्ही मला सांगितलंत की त्याला पंचमीला बोलावलंय.

तिथं आपलं वाजलं. मी म्हणाले की कशाला? माहेर सापडलं, हेळव्याला सांगितलं, झालं. इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही, आता येऊन काय करणार? ते लोक आपल्या माणसांची हाडंसुद्धा उकरून आपल्या देशाला नेतात, असं मी ऐकलं होतं. आमचे हे म्हणत होते की उद्या जमिनीवर हक्क सांगतील. मला जमिनीचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं की तिला नेतील आणि जांभळीखाली नुसता खड्डा उरेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "न्यायला आल्याली लेक अडवायची नसती, शालन. तुला कुणी अडवली व्हती का?"

मी तणतणत गोठ्याकडं निघून गेले. आक्का, मी अजूनही म्हणते, माझं चुकलं नव्हतं. तुम्ही माहेर नसलेली बाई, तुम्हाला माहेराचंच दुखणं कळणार. सासरचंही एक दुखणं असतं. ज्या बाईला आपल्या घरच्या बायकांनी एवढ्या पिढ्या दिंडं खाऊ घातली, तिच्यावर आपलाही काही जीव असतो की नाही? हेच मला तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही हसून कप पुढं केलात.

तुम्ही गेलात तेव्हा त्याचं तिकीट काढून झालेलं होतं. सोनालीनं त्याला कळवलं. त्यानं विचारलं की अशा वेळी येऊ का नको. तेराव्यानंतर घरात बैठक बसली. वर्षाच्या आत सणसूद नाही, पंचमी यंदा आपल्या घरात होत नाही, पुढच्या वर्षी बघू, असं सगळ्यांचं ठरत आलं. तुमचा थोरला म्हणाला, काकी, आता थोरल्या तुम्ही, तुम्ही सांगा. त्याक्षणी माझ्या ध्यानात आलं की लाह्या घेऊन जायचं काम आता माझ्याकडं आलंय. मी सांगितलं, पंचमी आपल्या घरची नसंल, लिडूबाईची हाय. तिचा भाऊ येणार म्हणतोय त्याला येऊ दे.

आला, आक्का. पुण्याहून सोनाली आणि जावईबापू घेऊन आले. शिरवळला थांबून त्याला मिसळ खायला घातली म्हणे, घाम फुटला पण सगळी खाल्ली. उंच, वाकलेला, हाताची बोटं आमच्या ह्यांच्यासारखी जाडजूड, धारा काढणाऱ्याची. आल्या आल्या त्यानं तुमच्या फोटोपुढं टोपी काढली. मी त्याला गूळपाणी दिलं. सोनाली त्याला समजावून सांगणार तोवर त्यानं आधी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मग पाणी प्यायला. तुम्ही शिकवलं असणार.

पट्टीत जाताना गाव मागं. उसाच्या बांधावरून म्हातारा सांभाळून चालला होता आणि लोक एकमेकांना सांगत होते की जाधवांच्या आक्कांनी ह्याला हुडकून काढला. मी मुद्दाम सावकाश चालत होते, नीट ऐकू यावं म्हणून. चौथऱ्याजवळ मी लाह्या आणि दूध ठेवलं. दिंडं यंदा केली नाहीत, त्याऐवजी साधा भात आणि साखर ठेवली. तो गुडघ्यावर बसला. दगडावरचं नाव त्यानं बोटानं एकेक अक्षर चाचपून वाचलं, आणि मधल्या नावावर हात ठेवून हमसून हमसून रडला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी रडले नाही. मी तुमच्या जागी उभी होते.

मग त्यानं सोनालीला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडं बघायला लागली. त्याला तिची मूठभर माती पाहिजे होती. तिच्या आईबापाच्या थडग्याशेजारी ठेवणार होता. आमचे हे घसा खाकरत माझ्याकडं बघायला लागले, तुमची मुलं बघायला लागली. सगळं शिवार माझ्या तोंडाकडं बघतंय असं वाटलं मला.

मी खाली बसले, आक्का. चौथऱ्याच्या कडेची माती हातानं मोकळी केली. पिशवीत खण होता, हिरवा, ओटीचा. त्यात माती घेतली, वर हळदकुंकू टाकलं, चार तांदूळ टाकले आणि गाठ मारली. त्याच्या हातात दिली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. तो उठायला लागला तेव्हा मी त्याच्या मनगटाला धरून थांबवलं, आणि पोरीला म्हणाले की मी सांगते ते जसंच्या तसं सांग.

"न्ह्या. माहेरचं हायसा, न्यायला आलासा, मी अडवत न्हाई. आईबापाला भेटवा. पर पुढल्या वर्साला परत आणून घाला. सून हाय ती आमची."

सोनालीनं जसंच्या तसं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खणाचं गाठोडं उराशी धरून त्यानं माझ्यापुढं मान लववली आणि एकच शब्द बोलला. सोनाली म्हणाली, आई, ते म्हणतायत, आणतो.